बॅटरीतलंच लिथियम गोळीत असतं का?

पत्र: माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकलाय आणि बॅटरी पॅकच्या डिझाइनचं काम करतो. काही महिन्यांपूर्वी त्याची झोप पार उडाली. रात्र-रात्र जागून मोठमोठ्या योजना आखायचा, कर्ज काढून पैसे उधळले, अडवलं की अंगावर यायचा. मानसोपचारतज्ज्ञांनी बायपोलर आजाराचं निदान केलं आणि लिथियम कार्बोनेट सुरू केलं. आता तो बराच सावरलाय आणि कामावरही जातो. पण आता म्हणतो, "ज्याला आग लागू नये म्हणून मी दिवसभर जपतो, तेच मला गिळायला लावताय?" गोळ्या बंद करायच्या म्हणून हटून बसलाय. आईनं धास्ती घेतलीय. गोळ्या म्हणजे क्षारच, मूत्रपिंडावर आणखी ताण नको, असं म्हणून तिनं त्याच्या जेवणातलं मीठ जवळजवळ बंद केलंय. हे लिथियम खरंच तेच आहे का? ते येतं कुठून? आणि सारखं रक्त का काढतात? त्याला पटेल असं उत्तर द्याल का? थातुरमातुर सांगितलेलं त्याला लगेच कळतं.
– एक बहीण

उत्तर:

तुमच्या पत्रात मिठाचं वाक्य ओझरतं आलंय, पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते. आईंना सांगा, भावाच्या जेवणात पूर्वी होतं तेवढं मीठ आजपासूनच घाला. जास्त नको, कमीही नको. आणि हे घडलंय एवढं त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून कळवा. मीठ एकदम कमी केलं की रक्तातलं लिथियम वाढतं. आईंनी मूत्रपिंडाच्या काळजीपोटी जे केलं, त्यानं उलट धोकाच वाढतो. भावाचे हात ठळकपणे थरथरत असतील, उलट्या-जुलाब होत असतील, चालताना तोल जात असेल, जीभ जड झाली असेल किंवा तो गुंगीत, गोंधळल्यासारखा वाटत असेल, तर पुढची गोळी न देता त्याला सरळ रुग्णालयात न्या. फोनच्या उत्तराची वाट पाहू नका. यातलं काहीच नसेल, तर गोळ्या आहेत तशा चालू राहू द्या. लिथियम एका फटक्यात बंद केलं की उन्माद परत उसळण्याची शक्यता फार असते, आणि सावरलेला माणूस पुन्हा तिथे जाताना बघणं घरच्यांना पहिल्या वेळेपेक्षा जड जातं.

आता त्याच्या प्रश्नाकडे वळते. कृपा करून तो हसण्यावारी नेऊ नका. रोज ज्या मूलद्रव्याशी त्याचं काम पडतं, तेच औषधाच्या वेष्टनावर दिसल्यावर प्रश्न पडलाच पाहिजे. आणि "औषधाचं लिथियम वेगळं असतं" असं सांगून त्याची समजूत घालायलाही जाऊ नका. ते खोटं आहे आणि त्याला ते पाच मिनिटांत कळेल. लिथियम तेच आहे. अणुक्रमांक ३, केंद्रकात तीन प्रोटॉन. गोळीत असो, फोनमध्ये असो नाहीतर खडकात असो, त्यात काही फरक नाही. फरक आहे तो त्याच्या अवस्थेत आणि मात्रेत.

शुद्ध लिथियम हा सर्वांत हलका धातू. घनता ०.५३, म्हणजे पाण्याच्या निम्म्याच्या आसपास. सुरीनं कापता येईल इतका मऊ. ताजा काप चांदीसारखा चमकतो आणि पाहता पाहता काळवंडतो, कारण हवेतल्या नायट्रोजनशीसुद्धा तो साध्या तापमानाला संयोग पावतो. इतर धातूंना हे सहसा जमत नाही. सोडियम प्रयोगशाळेत रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. लिथियम रॉकेलवरही तरंगतं, म्हणून त्याला पेट्रोलियम जेलीचा लेप देतात किंवा आर्गॉन वायूत बंद करून ठेवतात. पाण्यात टाकलं की हायड्रोजन निघतो आणि दाहक लिथियम हायड्रॉक्साइड तयार होतं. या सगळ्या उतावळेपणाचं मूळ बाहेरच्या कक्षेतल्या एकुलत्या एका इलेक्ट्रॉनमध्ये आहे. तो देऊन टाकायला लिथियम टपलेलंच असतं.

पण एकदा तो इलेक्ट्रॉन गेला की उरतो लिथियमचा आयन, एक धन भार असलेला, अगदी चिमुकला. तो पेट घेत नाही, पाण्याशी भांडत नाही. भावाच्या गोळीत हा आयन आहे, कार्बोनेटच्या जोडीला. लिथियम कार्बोनेट ही पांढरी भुकटी आहे आणि ती ज्योतीत धरली तरी जळत नाही, फक्त ज्योतीला किरमिजी लाल रंग येतो. (हा लाल रंग लक्षात ठेवा, पुढे त्याचं मोठं काम आहे.) सोडियमचंही असंच. पाण्यात टाकल्यावर भडकणारा धातू, आणि त्याच्याच आयनावाचून आपला एकही स्नायू हलत नाही.

भावाला हेही आठवून द्या की त्याच्या लिथियम-आयन बॅटरीतही धातूची लगड नसतेच. चार्ज होताना आयन एका बाजूच्या धातूच्या ऑक्साइडमधून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्राफाइटच्या थरांत शिरतात, वापरताना परत जातात. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी या कल्पनेचा पाया घातला, १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा इलेक्ट्रोड शोधला, १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी शुद्ध लिथियम धातू वगळून सुरक्षित रचना केली आणि १९९१ मध्ये सोनीनं ती बाजारात आणली. तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आग लागते ती आतल्या ज्वलनशील सेंद्रिय द्रावकाला. साठलेली ऊर्जा शॉर्ट सर्किटमुळे एकदम मोकळी होते आणि तापलेला ऑक्साइड वरून ऑक्सिजन पुरवतो, म्हणून ती इतकी भडकते. यातलं गोळीत काहीही नाही.

त्याला आकडे आवडत असतील, तर हा हिशेब त्याच्या हाती द्या. ३०० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लिथियम असतं सुमारे ५६ मिलिग्रॅम, बाकी सगळं कार्बोनेट. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या फोनच्या बॅटरीत नुसता तेवढा विद्युतभार वाहून नेण्यासाठी फॅराडेच्या नियमानं साधारण १.३ ग्रॅम लिथियम लागतं. म्हणजे गोळीत त्याच्या सुमारे ४ टक्के.

शुद्ध लिथियम धातू घरात असतोच, पण तो चपट्या नाण्यासारख्या बटन सेलमध्ये. विषय निघालाच आहे म्हणून सांगते: असा सेल लहान मुलानं गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत खोल भाजू शकतं. सेल फुटावाही लागत नाही, त्याच्या विजेनं ओल्या ऊतीत अल्कली तयार होते आणि ती जाळते. अशा वेळी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता ताबडतोब रुग्णालय गाठायचं.

येतं कुठून? १८१७ मध्ये योहान आउगुस्ट आर्फ्वेडसन हा तरुण स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ नामवंत रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांच्या प्रयोगशाळेत स्वीडनमधल्याच उटो बेटावरच्या पेटालाइट या खनिजाचं पृथक्करण करत होता. घटकांची बेरीज शंभराला पोहोचेना. जे कमी पडत होतं ते हे नवं मूलद्रव्य होतं. धातू मात्र त्याला वेगळा काढता आला नाही. तो विल्यम ब्रँड यांनी १८२१ मध्ये विद्युत अपघटनानं थोडासा मिळवला, आणि हाताळण्याइतका बुन्सेन आणि मॅथिसन यांनी १८५५ मध्ये.

आज ते मुख्यतः दोन ठिकाणांहून येतं. एक खडकातून. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रीनबुशेससारख्या खाणींत स्पॉड्युमिन नावाचं खनिज मिळतं. ते हजार अंश सेल्सियसच्या वर भाजल्याशिवाय त्याची घट्ट स्फटिकरचना सैल होत नाही. भाजल्यावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून लिथियम बाहेर काढतात. दुसरं ठिकाण म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या उंच वाळवंटांमधल्या मिठागरांखालचं खारं पाणी: चिलीतलं अताकामा, बोलिव्हियातलं उयुनी, अर्जेंटिनातलं ओंब्रे मुएर्तो. हे पाणी पंपानं वर काढून उथळ तळ्यांत वर्ष-दीड वर्ष उन्हात आटवतात. आधी मीठ खाली बसतं, मग पोटॅशियमचे क्षार, पाणी दाट होत जातं. शेवटी त्यात धुण्याचा सोडा घालतात आणि लिथियम कार्बोनेटचा साका पडतो. इथे एक मजेशीर गुण कामी येतो. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, हे कार्बोनेट मात्र उकळत्या पाण्यात थंडपेक्षा जवळजवळ निम्मंच विरघळतं. म्हणून ते गरम असतानाच गाळून घेतात आणि गरम पाण्यानंच धुतात.

सगळीकडे हे सारखं सोपं नसतं, आणि अडचण बहुधा मॅग्नेशियमची असते. मॅग्नेशियमचा आयन आकारानं लिथियमच्या आयनाशी जवळपास जुळतो, त्यामुळे दोघांना वेगळं करणं जिकिरीचं. उयुनीच्या पाण्यात मॅग्नेशियम लिथियमच्या जवळपास २० पट आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक असूनही तिथलं उत्पादन मागे राहिलं, त्याचं हे एक मोठं कारण. शिवाय हे पाणी अत्यंत कोरड्या प्रदेशातून उपसलं जातं. तिथल्या मूळ रहिवाशांची तक्रार आहे की आमचं गोडं पाणी यानं आटेल. मला ती रास्त वाटते. बॅटरी स्वच्छ म्हणून वापरणाऱ्यांनी तिकडे काणाडोळा करू नये.

तर, गोळीतलं लिथियम कार्बोनेटही याच वाटेनं येतं. औषधासाठी ते आणखी शुद्ध करतात आणि अशुद्धीच्या कडक मर्यादांवर तपासतात, पण उगम तोच, खडक किंवा खारं पाणी. एकूण लिथियमपैकी ८० टक्क्यांहून जास्त आता बॅटऱ्यांत जातं. उरलेलं उष्णता सहन करणाऱ्या काचेत, वंगणाच्या ग्रीसमध्ये, विमानांच्या हलक्या मिश्रधातूंत आणि मोठ्या इमारती थंड ठेवणाऱ्या यंत्रांत वापरतात. अंतराळयानात श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषायला लिथियम हायड्रॉक्साइड वापरतात. १९७० मध्ये यानात बिघाड झालेल्या अपोलो १३ या चांद्रमोहिमेच्या अंतराळवीरांनी चौकोनी डबे गोल तोंडाला जोडून जीव वाचवला, ते डबे याच रसायनाचे होते. औषधाचा वाटा या सगळ्यात अगदी किरकोळ आहे, पण ज्याला ते लागू पडतं त्याच्यासाठी तोच सगळ्यात मोठा.

आता त्या औषधाचा इतिहास भावाला जरूर सांगा, कारण रक्ततपासणीचं उत्तर त्यातच आहे. मेलबर्नमधल्या जॉन केड या मानसोपचारतज्ज्ञांनी उन्मादाच्या १० रुग्णांना लिथियम दिलं आणि १९४९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आधी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं होतं. वर्षानुवर्षं वेड्यांच्या वॉर्डात खितपत पडलेला पहिला रुग्ण काही महिन्यांत घरी जाऊन जुन्या नोकरीवर रुजू झाला. पुढे त्याचं औषध सुटलं, आजार उलटला, औषध पुन्हा सुरू झालं आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेनं तो दगावला. रक्तात किती साचलंय हे तेव्हा मोजायची सोयच नव्हती. त्याच १९४९ साली अमेरिकेत आणखी एक दुर्घटना घडली. हृदयरोग्यांना मीठ वर्ज्य असतं म्हणून लिथियम क्लोराइड 'मिठाला पर्याय' म्हणून विकलं जात होतं. लोक ते जेवणावर सढळ हातानं भुरभुरायचे. कित्येकांना विषबाधा झाली, काही मेले, आणि ते बाजारातून उचलावं लागलं. मीठ बंद आणि लिथियम चालू, नेमकी हीच जोडी त्यांच्या जिवावर उठली. आईंच्या मिठाचं वाक्य वाचून मला इतकी काळजी का वाटली, ते आता तुमच्या लक्षात येईल.

असं का होतं? शरीर लिथियमची मोडतोड करू शकत नाही, यकृताचं त्यात काही काम नाही. ते जवळजवळ सगळं लघवीवाटे जातं. मूत्रपिंड आधी ते गाळून टाकतं, मग सोडियम परत शोषून घेताना त्याच्याबरोबर लिथियमही परत घेतं, कारण दोघांचा भार सारखा आणि मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांना त्यांच्यातला फरक नीटसा कळत नाही. मीठ कमी पडलं किंवा अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड सोडियम वाचवायला लागतं आणि त्यासोबत लिथियमही धरून ठेवतं. ताप, जुलाब, उलट्या, उन्हातला भरपूर घाम, कडक उपवास, या सगळ्या वेळा म्हणून जपण्याच्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही औषधांनीही पातळी चढते. डोकं दुखलं म्हणून दुकानातून आणलेली गोळी त्यानं परस्पर घेऊ नये. लागलीच तर पॅरासिटामॉल घ्यावं, आणि कोणताही नवा डॉक्टर भेटला की पहिलं वाक्य "मी लिथियम घेतो" हे असावं.

मेंदूत मात्र ते मॅग्नेशियमची जागा घेतं. काही विकरांना (एन्झाइमना) काम करायला मॅग्नेशियम लागतं. त्यांतल्या जीएसके-३ नावाच्या विकराला आणि इनोसिटॉल या पेशीतल्या साखरेसारख्या रेणूवर काम करणाऱ्या एका विकराला लिथियम आवर घालतं, आणि पेशींच्या आतल्या संदेशांचा जोर उतरतो. खाऱ्या पाण्याच्या तळ्याकाठच्या रसायनतज्ज्ञाला मॅग्नेशियमशी असलेलं जे साम्य डोकेदुखी ठरतं, त्याच्याच जोरावर हे औषध चालतं.

राहिली मात्रा. रक्तात साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, कधी १.० पर्यंत. १.५ च्या वर गेलं की विषबाधा गृहीत धरतात. उपयोग आणि अपाय यांच्यात इतकं थोडं अंतर असलेली औषधं फार कमी आहेत, म्हणून हे रक्त सारखं काढणं. १९५० च्या दशकात फ्लेम फोटोमीटर वापरात आला, त्यात रुग्णाच्या रक्तद्रवाचा फवारा ज्योतीत सोडून ६७१ नॅनोमीटरच्या त्या लाल प्रकाशावरून लिथियम मोजता येऊ लागलं. मगच हे औषध भरवशानं देता आलं. डेन्मार्कचे मोगेन्स शाउ यांनी १९५४ मध्ये पद्धतशीर चाचणी प्रसिद्ध केली, अमेरिकेत मान्यता मिळाली १९७० मध्ये. आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत आजही लिथियमइतका भक्कम पुरावा मनोविकारांच्या फार थोड्या औषधांमागे आहे.

तपासणीत दोन गोष्टी तुम्ही स्वतः बघा. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढायचं असतं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर. दुसरी गोष्ट प्रयोगशाळेतल्या माणसांच्याही कधी कधी नजरेतून सुटते: रक्त गोठू नये म्हणून वापरायच्या काही नळ्यांत लिथियम हेपॅरिन असतं. त्या नळीत नमुना घेतला तर आकडा भलताच जास्त येतो आणि घरात विनाकारण धावपळ होते. तेव्हा चाचणी लिथियमच्या पातळीची आहे हे रक्त घेणाऱ्याला आधी सांगा. पातळीखेरीज मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम यांच्या तपासण्या साधारण सहा महिन्यांनी होत राहतील. वर्षानुवर्षं घेतल्यावर या तिन्हींवर परिणाम होऊ शकतो. हे भावापासून लपवू नका. थायरॉइड मंदावली तर तिला गोळी आहे, आणि मूत्रपिंडातला बदल लवकर दिसला तर डॉक्टर वाट बदलू शकतात. तहान जास्त लागणं, लघवीला वारंवार जावं लागणं, बोटांना बारीक कंप येणं, हे सुरुवातीला बऱ्याच जणांना होतं. त्यानं ते सहन करत बसू नये, डॉक्टरांना सांगावं. मात्रा किंवा वेळ बदलून पुष्कळदा फरक पडतो.

गोळ्या बंद करायच्या, हा त्याचा हट्ट मी मोडीत काढणार नाही. "किती दिवस?" हा त्याचा हक्काचा प्रश्न आहे. पुढे कधी थांबवायचंच ठरलं, तर लिथियम निदान चार आठवड्यांत, जमल्यास तीन महिन्यांत, हळूहळू उतरवत न्यायचं असतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पुढच्या भेटीला तुम्ही त्याच्याबरोबर जरूर जा. पण पातळीचा आकडा किती आला, तो कुठे हवा आणि हे किती काळ चालायचं, हे तीन प्रश्न त्याला स्वतःला विचारू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.